एक रुपया जास्त

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी संध्याकाळी मी एका पाण्याच्या कॅनमध्ये शंभर रुपयांची नोट टाकली आणि थोड्याच वेळात त्याच कॅनमध्ये आणखी दोनशे रुपये टाकले. पहिल्या शंभराविषयी मला काही म्हणायचे नाही. ते दोनशे मात्र तेव्हापासून मनात रुतून बसले आहेत.

माझी भाची ज्या कॉलेजात शिकते, त्याच कॉलेजातून मी तीस वर्षांपूर्वी बाहेर पडले. नागपुरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजाशी आमचे जुने वैर आहे. ते कशावरून सुरू झाले हे आता कोणालाच सांगता येत नाही, पण दर वर्षीच्या फुटबॉल सामन्याला ते नव्याने ताजे होते. आमचा रंग मरून, त्यांचा हिरवा. भाचीने फारच आग्रह धरला म्हणून यंदा मी गेले. मैदानाच्या सिमेंटच्या पायऱ्यांमध्ये दिवसभराच्या उन्हाची ऊब अजून शिल्लक होती आणि वारा मात्र गार सुटला होता. टँकरने पाणी मारलेल्या मातीचा वास येत होता, आणि मृग बहाराची संत्री नुकतीच बाजारात आलेली असल्यामुळे जिकडेतिकडे साली सोलल्याचा तो नाकाला झोंबणारा, तरीही हवाहवासा वास भरून राहिला होता. फाटकाजवळच्या टेबलावर मुलांनी वीस लिटरच्या पाण्याच्या दोन निळसर कॅन ठेवल्या होत्या. एकीच्या गळ्याला मरून फीत होती, दुसरीच्या हिरवी. आतल्या नोटा बाहेरून दिसाव्यात म्हणूनच त्यांनी कॅन निवडल्या होत्या, आणि त्या पुरत्या वाळलेल्या नसल्यामुळे दहा-वीसच्या काही नोटा आतल्या बाजूला पानांसारख्या चिकटून बसल्या होत्या. जमलेले पैसे सरकारी रुग्णालयाबाहेर राहणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या जेवणासाठी जाणार होते. अट एकच होती. ज्यांची कॅन हलकी भरेल, त्यांनी एका रविवारी समोरच्या कॉलेजचा शर्ट अंगात घालून ते जेवण स्वतः वाढायचे.

मी शंभराची नोट घडी करून आमच्या कॅनमध्ये सारली. माझ्या मागेच सत्तरीतले एक गृहस्थ उभे होते, डोक्यावर हिरवी टोपी, हातात काठी. त्यांनी माझ्याकडे पाहिले, खिशातून शंभराची नोट काढली, मग पुन्हा खिसा चाचपून एक रुपयाचे नाणे काढले आणि दोन्ही त्यांच्या कॅनमध्ये सोडले. नाणे कॅनच्या कडेला आपटत खाली गेले. "ताई, तुमच्यापेक्षा एक रुपया जास्त आहे बरं," ते म्हणाले आणि अगदी मनापासून हसले. मीही हसले आणि जागेवर जाऊन बसले. पण सामना सुरू झाला तरी माझे लक्ष चेंडूकडे लागेना. दहाव्या मिनिटाला मी उठले, पायऱ्या उतरून परत टेबलापाशी गेले, दोनशेची नोट काढली आणि ते काका पाहत आहेत याची खात्री करून घेऊन ती कॅनमध्ये टाकली.

त्या रात्री घरी आल्यावर मला फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवलेले एक पत्र दिसले. ते पत्र दोन महिने तिथेच होते. बाहेरगावाहून उपचारासाठी नागपुरात येणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांची राहण्या-जेवण्याची सोय करणाऱ्या एका धर्मशाळेचे ते आवाहन होते. काम जवळजवळ तेच, माणसेही तीच. सभ्य भाषेत, हात जोडून मागितलेली मदत मी दोन महिने रोज फ्रिजमधून दूध काढताना वाचत होते आणि उद्या पाठवू म्हणत होते. आणि एका अनोळखी माणसाच्या एका रुपयाने मला पायऱ्या उतरायला लावले होते.

आमच्याकडे याला खुन्नस म्हणतात. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ डूख, वैरभाव असा काहीतरी मिळेल, पण नागपूरच्या बोलण्यात त्याला आणखी एक छटा आहे. ज्याच्याशी काही देणेघेणे नाही, त्याच्याविषयी खुन्नस वाटत नाही. ती शेजाऱ्याशी असते, त्याच चौकात चहा पिणाऱ्याशी असते. आमच्या कॉलेजच्या मुली आणि त्या कॉलेजच्या मुली बर्डीच्या बाजारातल्या त्याच दुकानांतून एकाच रंगाच्या ओढण्या घेत, एकाच ठेल्यावर तर्री-पोहे खात आणि एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहत. ज्या शहराने मारबतीची मिरवणूक जपली, त्या शहराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. १८८१पासून काळी आणि १८८५पासून पिवळी मारबत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीच्या गल्ल्यांमधून निघते, आणि माणसे घसा फाटेस्तोवर ओरडतात, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" वर्षभराचा राग, रोगराई, महागाई, जे जे नको ते सगळे त्या मारबतीच्या पुतळ्याच्या आणि बडगे म्हणतात त्या सोबतच्या पुतळ्यांच्या माथी मारून गावाबाहेर नेऊन जाळायचे. लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती गर्दी पाहिली आहे. रागाला वाट दिली नाही तर तो घरातच फिरत राहतो, हे या शहराला फार पूर्वी कळले असावे. पण मारबतीत राग जळून जातो. त्या शनिवारी माझा राग कॅनमध्ये पडला आणि त्याचे कोणाचे तरी जेवण झाले, हे मला पचवायला अवघड जात होते.

दान या गोष्टीविषयी आमच्या घरात एक ठाम शिकवण होती. उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळता कामा नये. आजी गुरुवारी देवळाबाहेर बसणाऱ्यांना पैसे देताना पदराखालून हात पुढे करी. त्या मापाने पाहिले तर माझ्या दोनशे रुपयांना दान म्हणणे कठीण होते. ते मी दाखवून दिले होते, तेही नेमके एका माणसाला.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा काही वर्षांपूर्वी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबसला शिकायला गेला. तो फोनवर सांगत असे, की इथल्या ओहायो स्टेट आणि शेजारच्या मिशिगन या दोन विद्यापीठांमधल्या फुटबॉलच्या वैरापुढे आपले कॉलेजचे वैर म्हणजे काहीच नाही, मावशी. १८९७पासून ते एकमेकांशी खेळत आले आहेत. सामन्याच्या आठवड्यात ओहायोची मुले विद्यापीठाच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक 'एम' अक्षरावर लाल फुली मारतात, कारण त्या अक्षराने मिशिगन सुरू होते. त्या संघाचे नावसुद्धा तोंडाने घ्यायचे नाही, 'उत्तरेकडचा तो संघ' एवढेच म्हणायचे. आणि याच दोन विद्यापीठांची मुले १९८२पासून नोव्हेंबरातल्या त्या सामन्याच्या आधी रक्तदानाची चढाओढ लावतात. ज्यांच्या पिशव्या जास्त, ते मैदानाबाहेरचा सामना जिंकले. मुलगा मोठ्या ईर्ष्येने रक्त द्यायला गेला आणि परत पाठवला गेला, कारण हिवतापाच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाचे रक्त तिथे आल्यापासून तीन वर्षे घेत नाहीत. मग तो त्या शिबिरात तीन दिवस राबला. लोकांना फळांचा रस देणे, नावे लिहून घेणे, जिन्यात उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना "मिशिगन पुढे आहे" असे ओरडून आत वळवणे. इकडे त्याची आई, म्हणजे माझी मावसबहीण, हे ऐकून गप्प झाली. आजोबांच्या श्राद्धतिथीला शिबिर असते, एकदा तरी ये, म्हणून ती पाच वर्षे त्याच्या मागे लागली होती आणि तो कधी उठला नव्हता.

तिचे गप्प होणे मला समजले. आजोबांच्या नावात तेवढी ताकद नव्हती आणि एका अक्षरावरच्या फुलीत होती, हे कोणत्याही आईला लागेल.

त्याने सांगितलेली आणखी एक गोष्ट मी विसरलेले नाही. तिकडच्या कॉलेज फुटबॉलचे चाहते दर वर्षी अटलांटा शहरात नव्याने येऊन राहणाऱ्या निर्वासित कुटुंबांसाठी पैसे जमवतात, आणि कोणत्या विद्यापीठाच्या चाहत्यांनी सर्वांत जास्त दिले याची मोजदाद होते. तिथे लोक पन्नास किंवा शंभर अशी गोल रक्कम देत नाहीत. आपण वैऱ्याला कोणत्या वर्षी किती गुणांनी हरवले, तो आकडा जसाच्या तसा डॉलर-सेंटमध्ये लिहून पाठवतात, म्हणजे पावती पाहणाऱ्याला तो पराभव पुन्हा आठवावा. ऐकताना मला आपल्याकडचे एकशे एक, पाचशे एक आठवले. शून्यावर आकडा संपतो, एक ठेवला की पुढे चालू राहतो, म्हणून आपण आहेराच्या पाकिटाला वर रुपया चिकटवतो. काकांच्या त्या नाण्यात हे दोन्ही होते, शकुन आणि डिवचणे.

पण या चढाओढीची दुसरी बाजूही मला माहीत आहे, आणि ती मी स्वतःच्या अंगावर पाहिली आहे. मी दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या आणि त्या कॉलेजात एकाच आठवड्यात रक्तदान शिबिरे झाली. त्यांचा आकडा आम्हाला संध्याकाळी कळला आणि आमच्याकडे एक पिशवी कमी होती. रक्त देण्यासाठी वजन किमान ४५ किलो लागते. माझे तेव्हा ४३ होते. मैत्रिणीने तिच्या लुनाचे साखळीचे जाड कुलूप माझ्या कुर्त्याच्या खिशात टाकले, मी तांब्याभर पाणी प्यायले, आणि काट्यावर उभी राहिले. बोटाला सुई टोचून काढलेला रक्ताचा थेंब त्यांनी काचेच्या नळीतल्या मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. तो थेंब क्षणभर वरच थबकला आणि मग सावकाश, गोलसर होत तळाला गेला. थेंब बुडाला म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे आहे. तो लाल मणी निळ्या पाण्यातून खाली उतरताना मला अजून दिसतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सायकलवरून घरी जाताना शंकरनगर चौकाच्या अलीकडे माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी रस्त्याच्या कडेला पडले. एका भाजीवालीने तोंडावर पाणी मारले, गूळ खायला दिला आणि घरापर्यंत सायकल हातात धरून चालत आली. आईला मी खरे कारण कितीतरी वर्षे सांगितले नाही.

तेव्हा मला फक्त स्वतःच्या पडण्याची भीती वाटली होती. माणूस वजनाविषयी खोटे बोलू शकतो, तर गेल्या आठवड्यातल्या तापाविषयी, कावीळ होऊन गेल्याविषयीही बोलू शकतो, आणि मग धोका देणाऱ्यापुरता राहत नाही, हे बरेच पुढे लक्षात आले. मोजणी सुरू झाली की माणसे मोजणीसाठी वागू लागतात. स्पर्धा लावणाऱ्याने काट्याशेजारी एक असा माणूस उभा करावा, ज्याला कोण जिंकते याच्याशी काही कर्तव्य नाही, असे मला मनापासून वाटते.

पुढे एका नातेवाइकाच्या आजारपणात रक्तपेढीच्या बाकावर बरेच तास काढावे लागले, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी जे सांगितले त्याने माझी उरलीसुरली समजूतही बदलली. तांबड्या पेशी थंड कपाटात ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट्स पाचच दिवस. पंधरा ऑगस्टला किंवा एखाद्या जयंतीला एका दिवसात शेकडो पिशव्या येतात, तेव्हा कपाटे भरतात, आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा संपून मुले गावी गेली, ऊन पंचेचाळीस अंशांवर चढले, की तीच कपाटे रिकामी होतात. पण थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागते, ते मे महिना आहे म्हणून थांबत नाही. आणि पूर्व विदर्भात, गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाकडे, सिकलसेल या रक्ताच्या आजाराची किती घरे आहेत हे इथे कोणाला सांगायला नको. ती माणसे एसटीने रात्रभर प्रवास करून नागपुरात उतरतात. "आम्हाला एका दिवशी दोनशे नकोत," बाई म्हणाल्या, "आठवड्याला पाच द्या, पण दर आठवड्याला द्या." आमच्या त्या शिबिरातल्या एका पिशवीच्या विजयाचे काय झाले असेल, याचा विचार करत मी त्या बाकावर बसून राहिले.

इतके सगळे ठाऊक असूनही मी पायऱ्या उतरून दोनशे रुपये टाकले होते.

सामना आम्ही दोन-एकने जिंकलो आणि कॅन हरलो. पैसे मोजले तेव्हा हिरव्यांचे आमच्यापेक्षा चौदाशे रुपये जास्त भरले. भाचीचा चेहरा पडला, आणि खरे सांगते, माझाही. त्या रात्री धर्मशाळेच्या पत्रातल्या खात्यावर मी पैसे पाठवले. पाठवताना अंगात कसलीच ऊब नव्हती, बिल भरावे तसे ते काम झाले. त्यात समाधान होते की नव्हते, मला ठरवता येत नाही. मात्र ते पैसे मी कोणाला दाखवले नाहीत, हे आता इथे लिहिताना तेही पूर्ण खरे उरले नाही.

पुढच्या महिन्यातल्या रविवारी आम्ही तेरा जण ठरल्याप्रमाणे रुग्णालयाच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली जमलो. हिरवे शर्ट त्यांनीच पुरवले होते. तो शर्ट डोक्यातून अंगात घालताना कोरा, खळीचा वास आला आणि मला क्षणभर, या वयातही, खरोखर नको वाटले. भाची तर कितीतरी वेळ शर्ट हातातच घेऊन उभी होती. भात, वरण, वांग्या-बटाट्याची भाजी आणि एक एक केळे, असा बेत होता. माणसे ओळीने बसली, कोणी चादरीची घडी मांडीवर घेऊन, कोणी औषधांची पिशवी पायाशी धरून. एक बाप पोराच्या एक्स-रेचे पाकीट उन्हात तापू नये म्हणून स्वतःच्या सावलीत धरून जेवत होता. काही वेळाने हिरव्या टोपीचे काकाही आले. जिंकलेल्यांनी यायची गरज नव्हती. "पाहाले आलो, नीट वाढून राहिले का नाही," म्हणाले, आणि काठी झाडाला टेकवून पाण्याचा जग उचलला.

वाढता वाढता भाचीने मला त्यांचा पुढचा बेत सांगितला. तिकडच्या एका सामन्याची गोष्ट तिने कुठेतरी वाचली होती. २०१९च्या सप्टेंबरात आयोवा राज्यातल्या दोन विद्यापीठांच्या सामन्याआधी एका तरुणाने बिअरसाठी पैसे पाठवा अशी पाटी टीव्हीच्या कॅमेऱ्यापुढे धरली, खरोखरच पैसे येऊ लागले, आणि त्याने ते मुलांच्या रुग्णालयाला द्यायचे ठरवले. शेवटी रक्कम तीस लाख डॉलरच्या घरात गेली. तो चाहता एका विद्यापीठाचा आणि रुग्णालय दुसऱ्याचे, म्हणजे वैऱ्याचे. "मावशी, तो तिकडचा असून इकडे दिले," हे ती दोनदा म्हणाली. त्यावरून दोन्ही कॉलेजांच्या मुलांनी मिळून एप्रिल ते जूनची रक्तदानाची पाळी आखली होती. एक आठवडा मरून, एक आठवडा हिरवा. एका दिवसाचा आकडा मोजायचाच नाही. ज्यांचा आठवडा रिकामा गेला, ते हरले. आणि वजनकाट्याशी दोन्हीकडचा कोणीच उभा राहणार नाही, तिथे रक्तपेढीचीच माणसे असतील. हे शेवटचे मी तिला सुचवले होते, माझ्या कुलपाची हकीकत सांगून.

ओळीच्या टोकाला गडचिरोलीकडच्या एक आजी बसल्या होत्या. नात आत भरती होती. त्यांनी भातात वरण कालवले, दोन घास खाल्ले आणि माझ्या शर्टाची बाही धरून मला खाली वाकवले. छातीवरचे कॉलेजचे बोधचिन्ह त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. "या हिरव्या शर्टवाल्याईचं देव भलं करो," त्या म्हणाल्या. "तुमच्या कालेजचं नाव लई मोठं होवो, बाई."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडले. शेजारी जग घेऊन उभे असलेले काका थांबले होते, पाण्याची धार ग्लासाबाहेर जात होती आणि त्यांच्या ते लक्षात आले नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते, मी आता काय सांगते याची वाट पाहत.

"आजी, वरण घ्या अजून थोडं," मी म्हटले आणि पळी त्यांच्या ताटात रिती केली.